प्रयोगशाळेतला हिरा आणि वहीतला निबंध

माझे थोरले बंधू १९९६ साली इचलकरंजीहून सुरतेला गेले ते मागावर जॉबर म्हणून. सुरतेत प्लेगची साथ येऊन गेली त्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती. 'त्या गावाला नको' म्हणून आईने दोन दिवस अन्न सोडले होते. दादा गेले, टिकले, उधन्यात दोन खोल्यांचे घर झाले, वहिनी आल्या, मुले झाली. आज पुतण्या संगणकाची पदवी करतो आहे आणि पुतणी वाणिज्य शाखेत दुसऱ्या वर्षाला आहे. दोघे घरात मराठी बोलतात, गल्लीत अहिराणी, बाजारात गुजराती आणि एकमेकांशी भांडतात ते हिंदीत. आपल्या निपाणी-चिक्कोडीकडच्या माणसांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे नातवंडे आजीशी कानडीत बोलतात, आजोबांशी मराठीत, आणि खाऊचे पैसे दोघांकडून वेगवेगळे काढतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आठ दिवस सुरतेला राहून आले. तिसऱ्या दिवशी पुतणी म्हणाली, "आत्या, तू कॉलेजात शिकवतेस ना? मग आमच्या ग्रुपशी जरा बोल. सगळ्यांची डोकी फिरलीत."

झाले होते असे. तिच्या वर्गातल्या अकरा जणांना एका प्रकल्पात सरसकट शून्य मिळाले होते. शिक्षकांचे म्हणणे, हे सगळे 'एआय'ने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले आहे. अकरांपैकी काहींनी खरोखरच तसे केले होते, हे ती मुले आपापसात कबूल करत होती. काहींनी नव्हते केले. पण विचारले कुणालाच नव्हते. "खरं बोलणारे आणि खोटं बोलणारे एकाच रांगेत, आत्या," पुतणी म्हणाली.

मी हो म्हटले, पण मनात चरकले. कारण त्या शिक्षकांच्या जागी एकदा मी स्वतः उभी राहिलेली आहे. ते पुढे सांगेन.

गच्चीवरची सभा

संध्याकाळी गच्चीवर नऊ मुले-मुली जमली. खाली मागांची खटखट चालू, वर वहिनींच्या चकल्यांचा डबा. तिघे खानदेशातले, म्हणजे आईवडील नंदुरबार-धुळ्याकडून आलेले. एक मुलगा ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याचा, एक उत्तर प्रदेशचा, एक सौराष्ट्रातला पटेल, वडील हिऱ्यांच्या कामात. बाकी सुरतीच. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. सीमाभागात आपण दोन माध्यमांवरून किती वर्षे भांडतो आहोत, हे तिथे बसून आठवले आणि जरा ओशाळायला झाले.

'तुम्ही हे वापरता का?' असे विचारले असते तर निम्म्यांनी माना खाली घातल्या असत्या. म्हणून मी विचारले, "शेवटचं काय विचारलंत त्याला?"

गंजामच्या मुलाने सांगितले, वडिलांच्या कारखान्यातून भविष्यनिर्वाह निधीचा गुजराती कागद आला होता, तो ओडियात करून घेतला आणि वडिलांना वाचून दाखवला. एका मुलीची आई साड्यांवर खडे चिकटवण्याचे काम घरी आणते. किती साड्या, किती दर, व्यापाऱ्याने किती कापले, याचा तक्ता तिने करून घेतला होता. आईला पहिल्यांदाच कळले की महिन्याला किती पैसे कमी येतात. पुतण्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायला वापरतो. एक खानदेशी पोरगा मात्र सरळ म्हणाला, "मॅडम, खोटं कशाला बोलू? प्रश्न टाकला, उत्तर उचललं, चिकटवलं. वाचलंसुद्धा नाही."

आणि एक मुलगी म्हणाली, "मी इंग्रजीत मुलाखतीची तयारी करते. ते मला प्रश्न विचारतं, मी बोलते. चुकलं तरी ते हसत नाही."

हे वाक्य मला लागले. गेली वीस वर्षे मी वर्गात उभी राहते आहे. कानडी घरातले पोर मराठीत 'तो पुस्तक' म्हणाले की मागच्या बाकावर खसखस पिकते, आणि कधीकधी शिक्षकांच्या ओठांवरही हसू येते. मुले यंत्राकडे का वळतात, याचे एक उत्तर आपल्याच वर्गात आहे.

एक मुलगी पूर्ण वेळ गप्प होती. सगळे पांगल्यावर जिन्यात थांबून म्हणाली की ती पाळीच्या दुखण्याबद्दल विचारते, कारण घरी विचारायची सोय नाही. मी तिला इतकेच म्हटले, माहिती वाचायला हरकत नाही. पण स्वतःचे नाव, तपासणीचे कागद, फोटो असले काही त्यात टाकू नकोस आणि त्याच्या सांगण्यावरून औषध घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी वहिनी तिला ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

दादोबा सुरतेत होते तेव्हा

पटेलांचा मुलगा वाकडा प्रश्न विचारण्यात पटाईत. म्हणाला, "सगळे म्हणतात, जबाबदारीने वापरा. म्हणजे नक्की काय करायचं, ते कुणी सांगत नाही."

मी म्हटले, आधी ते कुठे फसते ते पाहू. मराठीची प्राध्यापक असल्याने मला सुरतेचा एक वेगळाच जिव्हाळा आहे. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव होतो ते दादोबा पांडुरंग तर्खडकर, १८३६ साली ज्यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले, ते पुढे सुरतेत शिक्षक होते. तिथे दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाबरोबर त्यांनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन केली. मराठी व्याकरणकार आणि गुजराती मेहताजी एकत्र येऊन जातिभेदावर आणि अंधश्रद्धेवर बोलत होते, तेही १८५७ च्या आधी. मी पुतण्याच्या फोनवर मराठीत विचारले, "दादोबांच्या सुरतेतील कार्यावर पाच संदर्भग्रंथ सांगा."

क्षणात पाच नावे आली. ग्रंथ, लेखक, प्रकाशक, साल, एकाचा तर पृष्ठक्रमांकही. मुले खूश. दोन पुस्तके मी ओळखली, ती खरी होती. उरलेल्या तिघांपैकी एकाचे लेखक खरे, पण असे पुस्तक त्यांनी लिहिल्याचे मी कधी ऐकले नव्हते. मग मी परिचित ग्रंथपालांना फोन लावला आणि मुलांनी मोबाईलवर ग्रंथालयांच्या याद्या चाळल्या. तीन पुस्तके कुठेच नाहीत. पुतण्याने यंत्राला तसे सांगितले, तर त्याने नम्रपणे दिलगिरी व्यक्त केली आणि आणखी दोन नवी नावे दिली. त्यातले एक पुन्हा हवेतलेच!

मुले हसली. मी मात्र त्यांना मानवधर्म सभेची पुढची गोष्ट सांगितली. मंत्र घालून भूत उतरवतो, जादूने अमुक करतो, असे म्हणणाऱ्यांना या सभेने जाहीर आव्हान दिले होते: चारचौघांत करून दाखवा. दादोबा १८४६ मध्ये मुंबईला गेले, सभा विस्कळीत होत गेली आणि १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेल्यावर संपली. पण 'करून दाखवा' हा हट्ट सुरतेच्याच मातीतला आहे. फोनमधल्या मांत्रिकालाही तोच प्रश्न विचारायचा. कुठल्या पुस्तकात? कुठल्या पानावर? आणि ते पान स्वतः उघडायचे.

"पण एवढं शिकलेलं यंत्र खोटं कशाला बोलेल?" खडे चिकटवणाऱ्या बाईंच्या मुलीने विचारले.

ते खोटे बोलत नाही, हीच तर गंमत आहे. 'एक होता राजा, त्याला दोन' एवढे म्हटले की तुम्ही न विचारता 'राण्या' म्हणता. तो राजा खरा होता का, हे तपासायला जात नाही. अफाट मजकूर वाचून, पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, हे शिकलेले हे यंत्र आहे. दादोबांच्या ग्रंथाचे नाव कसे 'दिसते' ते त्याला येते, आणि तसे दिसणारे नाव ते तयार करते. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआय कंपनीच्याच संशोधकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी म्हटले आहे की, या यंत्रांच्या ज्या परीक्षा घेतल्या जातात त्यांत 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला गुण मिळत नाहीत आणि अंदाज ठोकणाऱ्याला कधीतरी मिळून जातात. त्यामुळे यंत्र ठोकायला शिकते. हे ऐकून सगळी मुले एकदम म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच!" चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसतील तर रिकामा गोल कोण सोडतो?

आपल्याकडे बाजारात कुणाला पत्ता विचारला आणि त्याला ठाऊक नसेल तर तो सरळ 'गोत्तिल्ल' म्हणतो आणि पुढे जातो. किती प्रामाणिक शब्द आहे तो! यंत्राच्या तोंडून तो सहज निघत नाही. हा शब्द मी त्या सुरती पोरांना शिकवला. नंतर दोन दिवस घरात 'भाजीत मीठ आहे का' विचारले तरी 'गोत्तिल्ल' चालले होते.

कानडीवरून आठवले. जुलै २०२५ मध्ये अभिनेत्री बी. सरोजादेवी गेल्या. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी त्यांचे अंतिम दर्शन घेतल्याचा मजकूर कानडीत समाजमाध्यमावर टाकला गेला. मेटा कंपनीच्या आपोआप होणाऱ्या भाषांतराने इंग्रजीत मुख्यमंत्रीच निवर्तल्याचे सांगून टाकले! मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाने कंपनीला कडक पत्र लिहिले, कंपनीने चूक सुधारून दिलगिरी व्यक्त केली. आपल्या घरांत दोन्ही भाषा येतात म्हणून आपण हसलो. ज्याला कानडी येत नाही, तो इंग्रजी वाचून हळहळत बसला असेल. दोन भाषा येणे म्हणजे तपासणीचे दुसरे साधन हाताशी असणे आहे, हे मुलांना सांगायची अशी आयती संधी पुन्हा मिळायची नाही.

न्यायदानाच्या कामातही हे घडले आहे. बंगळूरच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या डिसेंबर २०२४ मधल्या एका आदेशात अस्तित्वात नसलेल्या न्यायनिवाड्यांचे दाखले निघाले आणि तो आदेश थोड्याच दिवसांत मागे घ्यावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराची एक आकारणी रद्द केली, कारण तिच्यात दिलेले निवाडे कधी झालेलेच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात अधिकाऱ्यांनी असे दाखले पडताळल्याशिवाय वापरू नयेत, असेही न्यायालयाने बजावले. सही करणारा माणूस जबाबदार, यंत्र नव्हे. पटेलांच्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आले.

हिरा खराच, पण कुठला?

उरलेले अर्धे त्यानेच दिले. त्याचे वडील पूर्वी खाणीतल्या हिऱ्यांना पैलू पाडत, आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांच्या कामात आहेत. तो सांगत होता आणि मी शाळेतल्या मुलीसारखी ऐकत होते. हिऱ्याची एक पातळ चकती 'बी' म्हणून बंद भट्टीत ठेवतात. आत मिथेन आणि हायड्रोजन वायू. आठशे अंशांच्या आसपास उष्णता. वायूतला कार्बन त्या बियांवर थरावर थर बसत जातो आणि काही आठवड्यांत हिरा वाढतो. तो काच नव्हे, नकली खडा नव्हे. रसायनाने, कठीणपणाने तो हिराच. नुसत्या डोळ्यांनी अनुभवी पारख्यालाही फरक सांगता येत नाही, त्यासाठी यंत्र लागते. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेत जिल बायडेन यांना भेट दिलेला साडेसात कॅरटचा हिरा असाच, सुरतेत तयार झालेला.

"मग त्यात फसवणूक काय?" मी विचारले.

"काहीच नाही, मॅडम. प्रमाणपत्रावर लिहायचं, प्रयोगशाळेतला आहे. कडेला लेसरने नंबर कोरतात. भाव वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. पण कुणी खाणीतला म्हणून पाकिटात मिसळला, तर त्याची बाजारात उठबस संपली. आमच्याकडे लाखोंचा माल जिभेवर चालतो."

मग तो क्षणभर थांबला आणि आपण काय बोललो ते त्याच्याच ध्यानात आले. "म्हणजे प्रकल्पाच्या खाली लिहायचं, कुठला भाग कुठला आहे ते."

मी इतकी वर्षे जे सांगायला धडपडत होते ते त्या मुलाने हिऱ्यावरून दोन मिनिटांत सांगितले. यंत्राची मदत घेणे हा गुन्हा नाही, ती लपवणे हा आहे. तरी एक गोष्ट मी जोडली, कारण हिऱ्याची उपमा सगळीकडे लागू पडत नाही. अंगठीला हिरा पाहिजे, तो कुठूनही येवो. निबंध मात्र आम्हाला नको असतो! नव्वद निबंधांचे मी काय करणार, रद्दीत घालणार. तो लिहिताना तुमच्या डोक्यात जे घडते ते आम्हाला हवे असते. मागावर बसून दुसऱ्याने विणलेले कापड आपल्या नावावर मोजून दिले तर मजुरी मिळेल, पण हाताला विणकाम येणार नाही. 'चिकटवलं, वाचलंसुद्धा नाही' म्हणणारा पोरगा यावर काही बोलला नाही. चकली मोडत बसला.

पण हिऱ्यासाठी ओळखणारे यंत्र आहे, तसे लिखाणासाठी का नाही, हा प्रश्न कुणीतरी काढणारच होते. पुतण्याने काढला. आणि मला माझी गोष्ट सांगावी लागली.

माझी चूक

दोन वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गाला मी 'आमच्या गावचा बाजार' या विषयावर लिहायला सांगितले होते. एका मुलीचे लेखन आले. घर कानडी, सातवीपर्यंत कानडी माध्यम, आई विड्या वळते. आणि लेखन असे स्वच्छ, घोटीव, एकही बोलीतला शब्द नाही, शुद्धलेखनाची चूक नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो लिहायची लाज वाटते, पण लिहिते: हिला असे मराठी कुठून येणार?

मी तो मजकूर इंटरनेटवरच्या एका फुकट 'ओळखणाऱ्या' साधनात टाकला. लाल पट्टी आली, यंत्राने लिहिल्याची दाट शक्यता. दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांसमोर म्हणाले, "हे तुझं नाही." शून्य दिले.

ती काही बोलली नाही. चार दिवसांनी भावाच्या जुन्या वहीची कोरी पाने घेऊन आली. पेन्सिलीने लिहिलेले तीन कच्चे खर्डे. खोडलेले, वर पुन्हा लिहिलेले. पहिल्या खर्ड्यात मराठी शब्द सुचला नाही तिथे कानडी शब्द, दुसऱ्यात त्यांच्याखाली रेघ, तिसऱ्यात मराठी. तिने मराठी तोंडाने नव्हे, गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांतून मिळवले होते. ज्याने भाषा वाचून कमावली त्याचे लेखन पुस्तकी असणारच! एवढे साधे मला, भाषेच्या प्राध्यापिकेला, कळू नये?

नंतर शोधले तेव्हा समजले की मी एकटीच फसलेली नाही. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असे ओळखणारे साधन स्वतःच काढले होते. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के त्याला ओळखता आला आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर त्याने खोटा आळ घेतला. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये ते बंद केले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांनी 'टोफेल' परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांत घातले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले! इंग्रजी मातृभाषा असलेल्या अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र बहुतेक सुटले. कारण परक्या भाषेत लिहिणारा जपून, ठरावीक, साध्या शब्दांत लिहितो, आणि नेमके तेच या साधनांना यांत्रिक वाटते. म्हणजे जो दुसऱ्याच्या भाषेत घाम गाळून लिहितो, त्याच्यावरच चोरीचा आळ. आपल्या सीमाभागात तर प्रत्येक वर्गात निम्मी मुले अशी असतात.

गच्चीवर शांतता झाली. मग पुतणीने विचारले, "आत्या, माफी मागितलीस?"

"गुण दिले तिला. वीसपैकी सतरा."

"ते नाही विचारलं मी."

मी काहीच बोलले नाही. तेवढ्यात चहा आला.

मग काय ठरले?

ठरले असे फार काही नाही. नऊ मुलांनी मिळून एक कागद केला आणि तो घेऊन शिक्षकांना भेटायचे ठरवले. त्यात लिहिले की प्रकल्पाच्या शेवटी प्रत्येकजण चार ओळींत सांगेल की यंत्राकडून काय घेतले आणि स्वतः काय केले. संशय आला तर शिक्षकांनी पाच मिनिटे तोंडी विचारावे, ज्याने केले आहे तो सांगू शकेल. आणि ज्यांनी खरोखर चिकटवले होते ते तसे कबूल करून पुन्हा लिहून देतील. शेवटची अट त्यांच्यातच वादाची झाली. चिकटवणाऱ्या पोराने मात्र सगळ्यांत आधी सही केली.

मी माझ्या वर्गात आता कच्चे खर्डे मागते आणि त्यांना पाच गुण ठेवते. लिहिण्याचा पहिला तास वर्गातच, कागदावर. विषयही असे देते की उत्तर फोनमध्ये नसावे: आजीने सांगितलेला एक कानडी आणि एक मराठी उखाणा, दोन्हींतला फरक. तोंडी परीक्षा मात्र नव्वद जणांची घेता येत नाही, हे खरे आहे. चिठ्ठ्या टाकून दहा जणांची घेते. हा काही फार मोठा उपाय नाही, ज्याला पळवाट काढायची तो काढतोच. पण लाल पट्टीकडे मी पुन्हा गेलेले नाही.

रात्री जेवताना दादांनी वेगळाच विषय काढला. त्यांच्या ओळखीच्या एकाला मुलाच्या हुबेहूब आवाजात फोन आला, 'पप्पा, अपघात झालाय, पैसे पाठवा.' सुदैवाने मुलगा शेजारच्याच खोलीत होता. आवाजाचा थोडासा नमुना मिळाला तरी आज त्याची नक्कल करता येते. मग आम्ही घरातल्या घरात एक खुणेचा शब्द ठरवला. अडचणीचा फोन आला तर आधी तो विचारायचा. आमच्या आईच्या तोंडी असलेला एक कानडी शब्द आम्ही घेतला. सुरतेत तो कुणाला ठाऊक असण्याची शक्यता नाही. येथे अर्थातच छापत नाही. वाचकांनी आपापल्या आजीचा शोधावा. आणि लहान मुलांच्या हाती हे यंत्र एकटे देऊ नये. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शनात वर्गातल्या वापरासाठी किमान वय १३ असावे असे सुचवले आहे. आमच्या गल्लीत सातवर्षांचे पोर त्याच्याकडून गणिते सोडवून घेते आणि आईवडील कौतुकाने पाहतात.

परत आल्यावर आठ दिवसांनी पुतणीचा निरोप आला. शिक्षकांनी कागद वाचला, आधी चिडले, मग पाच जणांना तोंडी विचारले. तिने प्रकल्पाच्या शेवटी लिहिलेल्या ओळी मला पाठवल्या: 'तक्त्यांची मांडणी यंत्राकडून करून घेतली. आकडे मी स्वता लिंबायतच्या बारा दूकानांत जाऊन गोळा केले. निष्कर्श माझे.' तीन शब्द चुकलेले होते. मी दुरुस्त केले नाहीत.

त्याच संध्याकाळी मी त्या मुलीला फोन केला. ती आता पदवी अर्धवट सोडून संकेश्वरला एका दुकानात हिशेब लिहिते. माझा आवाज ऐकून गडबडली. मी म्हटले, "त्या दिवशी वर्गात मी तुला जे बोलले ते चुकीचं होतं. माफी मागायला फोन केलाय."

"असू दे हो मॅडम. मी तवाच विसरले."

मग जरा वेळ ती गप्प राहिली. दुकानातल्या रेडिओचा आवाज येत होता.

"आईला तेवढं सांगता का? तिला अजून वाटतंय, मी कॉपी केली होती म्हणून."

तिच्या आईला मराठी फारसे येत नाही. मी रविवारी सकाळच्या गाडीने जाणार आहे.